अब्दागिरीची सावली

देवाची पालखी निघाली म्हणजे तिच्यासवे छत्र, चामर आणि अब्दागिरी चालतात. आमच्याकडे पालखी बहुधा दिवस मावळल्यावरच निघते. त्यामुळे अब्दागिरी हे ऊन अडविण्याचे साधन आहे, हे आम्ही विसरूनच गेलो आहोत. मूळ फारसी शब्द 'आफताबगीर'. आफताब म्हणजे सूर्य. पेशवाईत अब्दागिरी हा सरकारातून मिळणारा मान होता आणि तिच्या खर्चाची नेमणूकही लावून दिली जाई. सावली अशी सरकारी मेहेरबानीने मिळे. ती धरणारा मात्र उन्हातच!

ऊन त्वचेचे काय करते, याचा पुरावा अशाच उन्हातल्या माणसांनी दिला. १८९४ साली हाम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी खलाशांच्या राठ, विटलेल्या त्वचेचे वर्णन केले. पुढे दोनच वर्षांनी बोर्दोच्या द्युब्रय यांनी द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांच्या त्वचाविकारांचा संबंध उन्हाशी जोडला.

वकिली पेशामुळे असेल, पण आम्हांस सर्वांत पटला तो अमेरिकेतील एक ट्रकचालक. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. वय ६९, गाडी हाकली २८ वर्षे. तेथे चालक डावीकडे बसतो. खिडकीकडील डावा गाल नांगरल्यासारखा; उजवा त्याच्या मानाने कितीतरी तरुण. माणूस एक, वय एक, अन्न एक. मग आरोप वयावर कसा ठेवावा? त्वचा भाजणारे आखूड अतिनील किरण काच बहुतांशी अडविते. लांब किरण मात्र तीतून पार होऊन त्वचेच्या खोल थरात शिरतात आणि तिला ताणून धरणारे कोलॅजेन व इलास्टिन यांचे तंतू मोडतात. वेदना नाही, म्हणून फिर्यादही नाही.

उपायाचाही पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडात १९९२ ते १९९६ या काळात ९०३ प्रौढांवर परीक्षा झाली. रोज ऊनरोधक मलम लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य, मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळले. आमचा सावळा वर्ण काही संरक्षण देतो, पण संपूर्ण नव्हे. सूर्योदयी अर्घ्य देणाऱ्यांनी भिण्याचे कारण नाही. तिरप्या किरणांत अतिनील अंश थोडा असतो. जपावे ते दहा ते चार: छत्री, डोक्यावर पदर, अंगभर दाट विणीचे कापड.

पण देवळाच्या पायरीशी भर दुपारी फुले विकणाऱ्या बायांच्या सुरकुत्या आम्ही आजवर वयाच्याच समजत आलो. महाजनांनी मनात आणल्यास पुढील जत्रेपूर्वी तेथे झावळ्यांचा मांडव सहज उभा राहील.