लहान क्लबाची रोपवाटिका : इंग्लिश फुटबॉलमधील एका संस्थेचा जमाखर्च

१

इ. स. २०१६ च्या मे महिन्यात पश्चिम लंडनमधील ब्रेंटफर्ड या फुटबॉल क्लबाने आपली कुमारांची अकादमी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच सुमारास नैर्ऋत्य इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील एक्सेटर सिटी हा त्याहूनही लहान क्लब, चौथ्या श्रेणीत खेळत असताना, आपली अकादमी निष्ठेने चालवीत होता. पुढच्याच वर्षी ब्रेंटफर्डने एक्सेटरच्या अकादमीत वाढलेला ऑली वॉटकिन्स हा खेळाडू सुमारे १८ लक्ष पौंडांना घेतला आणि २०२० मध्ये तो अ‍ॅस्टन व्हिला या क्लबाला सुमारे २ कोटी ८० लक्ष पौंडांना दिला. ज्याने स्वतःची रोपवाटिका मोडली, त्याने दुसऱ्याच्या रोपवाटिकेतले रोप नेऊन मोठा लाभ मिळविला. ज्याने ती राखली, त्याच्या पदरी त्या मानाने थोडेच पडले.

हा प्रसंग वरवर पाहता ब्रेंटफर्डच्या बाजूने निर्णायक वाटतो. लहान क्लबाने मुले वाढविण्याच्या खटपटीत न पडता इतरांनी वाढविलेली पारखून घ्यावीत, असा त्याचा अर्थ कोणी लावील. तथापि अकादमी बाळगणे लहान क्लबाला परवडते की नाही, हा प्रश्न एका व्यवहारावरून सुटणारा नाही. अकादमीतून किती खेळाडू पहिल्या संघात आले, ही गणनाही त्यास पुरेशी नाही. मुलाच्या अंगी आलेल्या कौशल्यावर कोणाचा किती हक्क, हे ज्या नियमांनी ठरते, त्या नियमांच्या इतिहासात या प्रश्नाचे मूळ आहे. त्या इतिहासाचा मागोवा घेतल्यास ब्रेंटफर्ड आणि एक्सेटर या दोघांचेही वर्तन सयुक्तिक होते असे दिसून येते. त्याबरोबरच, दोघांच्याही हिशेबात न येणारी एक बाजू उरते हेही ध्यानात येते.

२

व्यावसायिक क्लबाच्या आश्रयाने फुटबॉल शिकणाऱ्या मुलाला इंग्लंडमध्ये कालानुक्रमे कोणती नावे मिळाली, हे पाहणे उद्बोधक ठरेल. आरंभी तो ‘ग्राउंडस्टाफ’मधील पोऱ्या होता. प्रेक्षकांचे सज्जे झाडणे, मोठ्या खेळाडूंचे बूट घासणे, मैदानाची निगा राखणे ही त्याची कामे, आणि खेळाचे शिक्षण त्यातून उरलेल्या वेळात. १९६० मध्ये त्याला ‘अप्रेंटिस’ हा दर्जा मिळाला. १९८३ मध्ये सरकारने बेकार तरुणांसाठी प्रशिक्षण-योजना सुरू केली, तेव्हा क्लबांनी तिचा आधार घेतला आणि तो ‘ट्रेनी’ झाला. १९९७ मध्ये हॉवर्ड विल्किन्सन यांनी फुटबॉल असोसिएशनसाठी तयार केलेल्या आराखड्यानुसार अकादम्या स्थापन झाल्या, आणि हाच मुलगा ‘स्कॉलर’ म्हणविला जाऊ लागला.

झाडूवाल्या पोऱ्यापासून विद्यार्थ्यापर्यंतचा हा शब्दप्रवास केवळ सौजन्याचा नव्हे. नाव जसजसे प्रतिष्ठित होत गेले, तसतशी त्या मुलावरील क्लबाची मालकी सैल होत गेली, असे या कालखंडाकडे पाहता आढळते.

१८९३ पासून फुटबॉल लीगमध्ये ‘राखणे आणि हस्तांतर’ या नावाने ओळखली जाणारी पद्धती रूढ होती. खेळाडूच्या कराराची मुदत संपली तरी त्याची नोंदणी क्लबाच्याच हाती राही. क्लबाने सोडल्याखेरीज त्याला लीगमधील दुसऱ्या क्लबाकडून खेळता येत नसे. वेतनावरही कमाल मर्यादा होती. १९६१ च्या जानेवारीत ती उठली, तेव्हा ती आठवड्यास २० पौंड होती. अशा व्यवस्थेत लहान क्लबाने वाढविलेला मुलगा म्हणजे त्याची पक्की मत्ता असे. श्रीमंत क्लबाला तो हवा असल्यास मागितलेली किंमत मोजावी लागे, आणि अधिक पगाराचे आमिष दाखवावे तर नियमाने हात बांधलेले. संगोपनाचे फळ संगोपन करणाऱ्यालाच मिळे. परंतु त्यासाठी खेळाडूचे स्वातंत्र्य गहाण पडलेले होते, हे विसरून चालणार नाही.

१९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅम याने न्यूकॅसल युनायटेडविरुद्ध चालविलेल्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ‘राखण्या’चा हा नियम व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन ठरविला. १९७८ पासून मुदत संपलेल्या खेळाडूला दुसरीकडे जाण्याचा हक्क मिळाला, आणि मोबदल्याविषयी मतभेद झाल्यास तो न्यायाधिकरणाने ठरवावा असा प्रघात पडला. पुढे १५ डिसेंबर १९९५ रोजी बॉस्मन खटल्याचा निकाल लागला. मुदत संपलेला खेळाडू युरोपीय संघातील एका देशातून दुसऱ्या देशात विनामोबदला जाऊ शकतो, हे त्याने निश्चित केले. इंग्लंडमधील अंतर्गत बदल्यांतही हे तत्त्व मान्य झाले. मात्र २४ वर्षांखालील खेळाडू गेल्यास त्याला घडविणाऱ्या क्लबाला भरपाई मिळावी, एवढा अपवाद राखण्यात आला. लहान क्लबाच्या रोपवाटिकेचे पुढचे आयुष्य या अपवादावरच तगले.

३

त्या आयुष्याचा उत्कर्ष पाहावयाचा तर क्रू अलेक्झांड्रा या क्लबाकडे वळावे लागते. चेशायरमधील क्रू हे रेल्वेच्या कारखान्यांभोवती वाढलेले गाव. १९८२ मध्ये त्याचा क्लब लीगच्या अगदी तळाशी होता, आणि लीगमध्ये राहण्यासाठी त्याला इतर क्लबांच्या मतांवर विसंबावे लागले होते. १९८३ मध्ये दारिओ ग्राडी व्यवस्थापक म्हणून आले. मुले लहानपणीच हेरावीत, त्यांना पायाशी चेंडू खेळविण्याची कला शिकवावी, विशीच्या आतच पहिल्या संघात संधी द्यावी आणि योग्य वेळी विकावे, असा त्यांचा क्रम होता. डॅनी मर्फी १९९७ मध्ये लिव्हरपूलला, सेथ जॉन्सन १९९९ मध्ये डर्बीला आणि डीन अ‍ॅश्टन २००५ मध्ये नॉरिचला गेला. शेवटच्या दोन व्यवहारांत प्रत्येकी सुमारे ३० लक्ष पौंड मिळाले. या उत्पन्नाच्या बळावर हा क्लब १९९७ ते २००६ या काळात एक हंगाम वगळता दुसऱ्या श्रेणीत टिकला. पुढे २७ एप्रिल २०१३ रोजी वॉलसॉलविरुद्धच्या सामन्यात त्याने मैदानात उतरविलेले अकराही खेळाडू स्वतःच्या अकादमीतले होते.

क्रूच्या यशात ग्राडींच्या कौशल्याचा वाटा मोठा होता यात शंका नाही. परंतु नियमांचा आधारही तितकाच महत्त्वाचा होता. १९९७ च्या आराखड्यानुसार अकादमीने मुले निवडावयाची ती तासा-दीड तासाच्या प्रवासाच्या टापूतूनच. दूरच्या धनाढ्य क्लबाला क्रूच्या दाराशी येऊन लहान मूल उचलणे त्यामुळे अवघड होते, आणि वाढलेल्या मुलाची किंमत वाटाघाटीने किंवा न्यायाधिकरणाने ठरत असे.

४

हा आधार २०१२ मध्ये ढासळला. प्रीमियर लीगने पुढे मांडलेल्या नव्या कुमार-विकास योजनेवर २०११ च्या ऑक्टोबरात फुटबॉल लीगच्या क्लबांनी मतदान केले. ४६ क्लब अनुकूल होते, २२ प्रतिकूल. योजनेने अकादम्यांच्या चार प्रती ठरविल्या, अंतराची मर्यादा उठविली आणि कुमारवयात क्लब बदलणाऱ्या मुलाच्या भरपाईचे ठरीव कोष्टक लावून दिले. आरंभीच्या कोष्टकानुसार ९ ते ११ वर्षांच्या मुलासाठी वर्षाला ३,००० पौंड, आणि १२ ते १६ वर्षांच्या मुलासाठी अकादमीच्या प्रतीप्रमाणे वर्षाला १२,५०० ते ४०,००० पौंड. म्हणजे तिसऱ्या प्रतीच्या अकादमीने एखाद्या मुलाला नवव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत, आठ वर्षे शिकविले, तर पहिल्या तीन वर्षांचे ९,००० आणि पुढील पाचांचे ६२,५०० असे एकूण ७१,५०० पौंड तिच्या हाती पडणार. तो पुढे प्रीमियर लीगमध्ये खेळला तर सामन्यांच्या संख्येनुसार अधिक रक्कम मिळे. पण अशी मुले विरळाच. अनुकूल मत देणाऱ्या लहान क्लबांची अडचणही खरी होती. योजनेबरोबर येणारे वार्षिक अनुदान नाकारणे त्यांना सोपे नव्हते.

ब्रेंटफर्डचा निर्णय या कोष्टकाच्या प्रकाशात पाहिला पाहिजे. लंडनमध्ये चेल्सी, आर्सेनल, टॉटनम यांसारख्या क्लबांच्या अकादम्या एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत. लहान क्लबाने हेरलेला गुणी मुलगा पहिल्या संघात येण्याआधीच मोठा क्लब नेतो, आणि अकादमीतून मूल्य निर्माण करणे त्यामुळे अत्यंत कठीण होते, असे कारण ब्रेंटफर्डने दिले. अकादमीऐवजी त्याने ‘ब’ संघ उभारला. मोठ्या अकादम्यांनी सोडून दिलेल्या, सुमारे १७ वर्षांवरील तरुणांना पारखून त्यांना तयार करणे हे त्या संघाचे काम. २०२१ मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. हिशेब म्हणून या धोरणात दोष काढता येत नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट आहे : हे धोरण सर्वांना एकाच वेळी अनुसरता येणार नाही. टाकलेली रोपे वेचायची तर कोणीतरी ती लावलेली असली पाहिजेत.

५

एक्सेटरची गोष्ट निराळी होती ती दोन कारणांनी. पहिले कारण भूगोलाचे. डेव्हनच्या आसपास कोणताही धनाढ्य क्लब नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आठवड्यातून तीन संध्याकाळी दूरच्या शहरात नेणे पालकांना झेपणारे नसते. कायद्याने पुसलेली अंतराची मर्यादा येथे रस्त्यांनीच राखली.

दुसरे कारण मालकीचे. २००३ मध्ये क्लब लीगमधून खाली घसरला आणि कर्जात बुडाला, तेव्हा चाहत्यांच्या न्यासाने तो ताब्यात घेतला. धनिक मालक नसल्यामुळे खेळाडू विकत घेणे शक्य नव्हते. घडविणे हाच मार्ग उरला. २००८ मध्ये क्लब लीगमध्ये परतला. न्यासाला लाभांश द्यावयाचा नसल्यामुळे त्याला थांबता येत होते, आणि मुले घडविण्यात थांबण्याला किंमत असते. वॉटकिन्स याला नवव्या वर्षीच्या चाचणीत एक्सेटरने नाकारले होते. पुढे त्याला घेतले. व्यावसायिक झाल्यावरही तो लगेच स्थिरावला नाही, म्हणून २०१४-१५ मध्ये त्याला वेस्टन-सुपर-मेअर या खालच्या श्रेणीतील क्लबाकडे काही काळ पाठविले. २०१६-१७ च्या हंगामात तो लीगमधील सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. त्याला विकताना पुढील विक्रीतील वाटा क्लबाने करारात राखून ठेवला होता, आणि २०२० मध्ये तो वाटा क्लबाला मिळाला. १० जुलै २०२४ रोजी डॉर्टमुंड येथे युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध इंग्लंडचा निर्णायक गोल याच खेळाडूने नव्वदाव्या मिनिटाला केला.

तरीही एक्सेटरचे उदाहरण सर्वत्र लागू पडेल असे मानणे चूक होईल. वयाच्या पंधराव्या वर्षीच पहिल्या संघात खेळलेला ईथन अँपाडू २०१७ मध्ये चेल्सीला गेला, तेव्हा मोबदला न्यायाधिकरणापुढे ठरवावा लागला. रस्ते लहान मुलाला राखतात. सोळा वर्षांच्या मुलाला राखू शकत नाहीत.

६

आतापर्यंतचा विचार क्लबाच्या बाजूने झाला. अकादमीत येणाऱ्या बहुसंख्य मुलांना व्यावसायिक करार कधीच मिळत नाही, ही वस्तुस्थिती त्यात बाजूला राहते. १६ मार्च २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने लियोंचा क्लब आणि ऑलिव्हिए बर्नार यांच्यातील खटल्यात निकाल दिला. प्रशिक्षणाची भरपाई तत्त्वतः न्याय्य असून ती ठरविताना यशस्वी होणाऱ्या खेळाडूंवर आणि कधीच व्यावसायिक न होणाऱ्या मुलांवर झालेला खर्च, दोन्ही विचारात घ्यावेत, असे त्यात म्हटले आहे. अयशस्वी मुलांनाही जमाखर्चात जागा आहे हे येथे कायद्याने मान्य केले. पण ती जागा खर्चाच्या स्तंभात आहे. त्या मुलांनी घालविलेली वर्षे आणि त्यांची मोडलेली आशा कोणत्याही कोष्टकात नाही.

याहून दारुण गोष्ट क्रूच्याच इतिहासात आहे. १९८५ ते १९९२ या काळात तेथे काम केलेल्या एका प्रशिक्षकाने मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याचे न्यायालयात सिद्ध झाले. २०१६ मध्ये एका माजी खेळाडूने जाहीरपणे बोलण्याचे धैर्य दाखविल्यावर इतर अनेक जण पुढे आले, आणि २०१८ मध्ये त्या प्रशिक्षकाला दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. त्याच्या घरी राहणाऱ्या मुलांची विचारपूस क्लबाने करावयास हवी होती, असे मत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेल्डन अहवालाने नोंदविले. ज्या अकादमीचा आदर्श म्हणून गौरव झाला, तिच्या कीर्तीच्या काळातच हे घडत होते. विकल्या गेलेल्या खेळाडूंची यादी देऊन क्रूचे मूल्यमापन संपविणे म्हणून शक्य नाही.

ब्रेंटफर्डने २०२२ मध्ये अकादमीचे काम पुन्हा सुरू केले. तोपर्यंत परिस्थिती पालटली होती. क्लब वरच्या श्रेणीत होता, आणि ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यामुळे २०२१ च्या आरंभापासून इंग्लिश क्लबांना परदेशातील १८ वर्षांखालील मुले घेता येत नव्हती. २०१६ चा निर्णय चुकीचा होता असे यावरून ठरत नाही. नियम आणि स्थान पालटले की हिशेबही पालटतो, एवढेच ठरते.

तेव्हा लहान क्लबाला अकादमी परवडते ती तीन गोष्टी जुळून आल्या तर. मुलगा लहान वयात हातचा जाणार नाही असे स्थान हवे; फळासाठी दहा वर्षे थांबू शकणारी मालकी हवी; आणि घडविणाऱ्याला खर्चाच्या प्रमाणात मोबदला देणारा नियम हवा. पहिली गोष्ट क्लबाच्या हाती नाही, तिसरी त्याने एकट्याने मिळविण्याजोगी नाही. परवडण्याचा प्रश्न येथे संपतो. अकादमी असावी की नसावी हा प्रश्न मात्र येथे संपत नाही, कारण तीत येणारा प्रत्येक मुलगा खेळाडू होईलच असे नाही, पण तो मुलगा असतोच. त्याच्या शिक्षणाची आणि सुरक्षिततेची हमी घेण्याची ऐपत ज्या क्लबाला नाही, त्याने विक्रीतून कितीही पौंड मिळविले तरी अकादमी बाळगू नये, हा निष्कर्ष क्रूच्या इतिहासातून अपरिहार्यपणे निघतो.