घरी कामाला माणूस ठेवताना: ओळख पडताळणी, कॅमेरा आणि चोरीचा संशय

सातपाटीत घरातले पुरुष बोटीवर, बायका मासळी घेऊन बाजारात आणि घरात एकटी म्हातारी आई, असं बऱ्याच घरांत असतं. बोईसर-तारापूरला एमआयडीसीमुळे नवरा-बायको दोघंही शिफ्टला. मग धुणीभांडी करणारी ताई, आजारी माणसाजवळ राहणारी आया, मालिशवाली, पार्लरवाली, फ्रिज-एसीचा मेकॅनिक असे बाहेरचे लोक थेट घरात येतात. मी सातपाटीत राहतो आणि मोबाइल-कॅमेऱ्यांबद्दल लिहितो, त्यामुळे मला दोन प्रश्न सारखे विचारले जातात. माणूस खात्रीचा आहे हे मोबाइलवर कसं बघायचं? आणि वस्तू गायब झाली तर कॅमेऱ्यातून चोर कसा शोधायचा?

या लेखात दोन्ही गोष्टी पाहू. पण आधीच सांगतो: कोण आलं आणि किती वाजता आलं हे तंत्रज्ञान सांगू शकतं, चोर कोण हे बहुतेक वेळा सांगू शकत नाही. हा फरक विसरला की एखाद्या बाईची दहा घरची कामं एका दिवसात सुटतात.

आधार पडताळणीतून नेमकं काय कळतं?

आधार कार्डची झेरॉक्स घेऊन कपाटात ठेवणं म्हणजे पडताळणी नाही. झेरॉक्सवर फोटो किंवा नाव बदलणं सोपं असतं. कार्डवरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या अधिकृत ॲपने स्कॅन करा. त्या कोडमधल्या माहितीवर यूआयडीएआयची डिजिटल सही असते. स्कॅन केल्यावर दिसणारं नाव, पत्ता आणि फोटो कार्डाशी आणि समोरच्या माणसाशी जुळतात का ते बघा.

प्रत ठेवायचीच असेल तर मास्क्ड आधारची ठेवा. त्यात फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात. मूळ कार्ड कधीही ठेवून घेऊ नका. त्या माणसाला रेशन, बँक, दवाखाना सगळीकडे ते लागतं.

आता महत्त्वाचं. आधारवरून ओळख कळते, स्वभाव कळत नाही. पोलिसांकडून मिळणाऱ्या चारित्र्य पडताळणी दाखल्यालाही मर्यादा आहे. नोंदवलेला गुन्हा आहे का, एवढंच तो सांगतो. तरीही घरात राहणाऱ्या माणसाची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी. आपल्याकडे सातपाटी सागरी, बोईसर आणि तारापूर अशी ठाणी आहेत. मात्र ही माहिती देताय हे त्या माणसाला आधी सांगा. लपूनछपून केलं की पहिल्या दिवसापासून मन दुखावतं.

ॲपवरचे स्टार म्हणजे प्रामाणिकपणा का?

नाही. अर्बन कंपनीसारख्या ॲपवर दिसणारे स्टार कामाबद्दल असतात: वेळेवर आला का, काम नीट केलं का. मायगेट किंवा नोब्रोकरहूडसारखी सोसायटीची ॲप गेटवर आत येण्या-जाण्याची वेळ नोंदवतात. एकदाच येणाऱ्या मेकॅनिकसाठी ॲपवरचं नाव, फोटो आणि ओटीपी जुळवून मगच दार उघडा, एवढा त्यांचा उपयोग पक्का आहे.

सातपाटीत बहुतेक माणसं ओळखीतून येतात. मी अशा वेळी ती बाई आधी काम करत होती त्या दोन घरी फोन करतो आणि एकच प्रश्न विचारतो: "काम का सुटलं?" या उत्तरातून स्टारपेक्षा जास्त कळतं.

खरा प्रश्न: वस्तू शेवटची कधी पाहिली?

चोरीच्या संशयाचं मूळ इथे आहे. सोन्याचा हार आपण लग्नाला किंवा नारळी पौर्णिमेला काढतो, मग कपाटात ठेवतो. पुढच्या सणाला डबा उघडला तर हार नाही. मधे ६ महिने गेले. या काळात पाहुणे आले, रंगारी आला, मुलगी माहेरी येऊन गेली, घरातल्याच कोणी डबा हलवला. पण संशय कोणावर जातो? काल जी लादी पुसून गेली तिच्यावर.

माझ्या ओळखीच्या एका घरी कानातलं वॉशिंग मशीनच्या दाराच्या रबरात सापडलं. तोवर मावशींचं काम सुटून तीन आठवडे झाले होते.

म्हणून माझा सगळ्यात स्वस्त उपाय: दर महिन्याच्या १ तारखेला दागिने आणि कागदपत्रं काढून मोबाइलवर फोटो घ्या. फोटोसोबत तारीख-वेळ आपोआप साठते. फोटो कुटुंबापुरत्या एका अल्बममध्ये ठेवा. दागिन्यांच्या पावत्या आणि मोबाइलचा आयएमईआय नंबर त्यातच ठेवा. हा नंबर *#०६# डायल केला की दिसतो. आता काही हरवलं तर शोधायचा काळ ६ महिन्यांवरून ३० दिवसांवर येतो. जी बाई त्या ३० दिवसांत आलीच नाही, तिचं नाव आपोआप बाहेर पडतं. ही नोंद मालकाइतकीच कामाला येणाऱ्या माणसाचंही रक्षण करते.

कॅमेरा लावताना तीन गोष्टी

पहिली, साठवण. १०८० पिक्सेलचा कॅमेरा १ एमबीपीएस वेगाने सलग रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे ११ जीबी जागा लागते. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड सुमारे ६ दिवसांत भरतं आणि जुनं रेकॉर्डिंग पुसून नवीन सुरू होतं. वेग २ एमबीपीएस असेल तर ३ दिवस. हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग असं सेटिंग ठेवलं तर जास्त दिवस मिळतात. पण पंधरा दिवसांनी "कॅमेऱ्यात बघू" म्हणाल तर बघायला काही उरलेलं नसेल.

दुसरी, वेळ. कॅमेऱ्यावरचं घड्याळ मोबाइलशी जुळतं का ते महिन्यातून एकदा तपासा. वीज गेली की स्वस्त कॅमेऱ्याचं घड्याळ मागे पडू शकतं आणि मग कोण किती वाजता आलं यावरूनच वाद होतो. पावसाळ्यात राउटर आणि कॅमेरा दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवा. बाहेरचा कॅमेरा आयपी ६६ दर्जाचा घ्या, आणि खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात म्हणून तेही अधूनमधून बघा.

तिसरी, जागा. मुख्य दार, पॅसेज आणि कपाटाची खोली एवढं पुरे. बाथरूम, कपडे बदलण्याची जागा आणि आया झोपते ती खोली यांत कॅमेरा कधीच नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ अशा चित्रीकरणाबद्दलच आहेत. कॅमेरा कुठे आहे हे कामाला येणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी दाखवा.

वस्तू सापडत नाही. आता काय?

१. शेवटचा फोटो कोणत्या तारखेचा आहे ते बघा. तिथपासून आजपर्यंत घरात कोण कोण आलं त्याची यादी करा. नातेवाईक आणि घरातले लोकही यादीत हवेत.

२. घर नीट शोधा: वॉशिंग मशीन, गादीखाली, जुन्या पर्स, बँकेचा लॉकर. घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारा.

३. कॅमेऱ्याचं कार्ड लगेच काढून बाजूला ठेवा, म्हणजे त्यावर नवीन रेकॉर्डिंग होणार नाही.

४. कामाला येणाऱ्या माणसाला विचारायचं असेल तर "हार सापडत नाही, तुम्ही कुठे पाहिला का?" असं विचारा. "तूच घेतलास" म्हणू नका.

५. झडती घेऊ नका, खोलीत कोंडू नका, हात उगारू नका. भारतीय न्याय संहितेनुसार कोंडून ठेवणं हा कलम १२७ खाली गुन्हा आहे. कबुली काढण्यासाठी किंवा वस्तू परत मिळवण्यासाठी मारहाण केली तर कलम १२० लागतं आणि त्यात ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोकराने मालकाची वस्तू चोरण्याच्या कलम ३०६ मध्येही कमाल शिक्षा ७ वर्षंच आहे. म्हणजे हाराच्या रागात मालक स्वतः तेवढ्याच मोठ्या गुन्ह्यात अडकू शकतो.

ग्रुपवर फोटो टाकावा का?

टाकू नये. "ही बाई चोर आहे, सावध राहा" असा मेसेज फोटोसकट आपल्या भागातल्या ग्रुपवर फिरताना मी पाहिलाय. आपल्या जिल्ह्याला तरी हे वेगळं समजवायला नको. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांचा जीव घेतला. त्या दिवसांत चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत अशा अफवा परिसरात पसरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने खूप वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण पहिला मेसेज टाईप करणाऱ्याला कुठलीच मर्यादा नाही. तिथे आपणच थांबायला हवं.

एका घरातला आरोप किती लांब जातो याचं दुसरं उदाहरण नोएडाचं. जुलै २०१७ मध्ये महागुन मॉडर्न सोसायटीत एका घरकाम करणाऱ्या बाईवर पैसे चोरल्याचा आरोप झाला आणि ती रात्री घरी परतली नाही. सकाळी तिच्या वस्तीतले लोक सोसायटीवर चालून गेले, दगडफेक झाली, दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या कहाण्या सांगितल्या गेल्या.

कायद्यातही फरक आहे. पोलिसांकडे सद्भावनेने केलेली तक्रार हा बदनामीच्या कलम ३५६ मधला अपवाद आहे. ग्रुपवरच्या मेसेजला ते संरक्षण गृहीत धरू नका.

तक्रार आणि पुरावा

तक्रारीत फक्त माहीत आहे तेवढंच लिहा: वस्तू, वजन, पावती, शेवटच्या फोटोची तारीख, त्या काळात आलेल्यांची यादी. चोर माहीत नसेल तर "अज्ञात" लिहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र ३ दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. मोबाइल गेला असेल तर तक्रारीची प्रत घेऊन संचार साथी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करा.

फुटेज देताना स्क्रीनचं मोबाइलने शूटिंग करू नका, मूळ फाइल द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू असते. हॅश म्हणजे फाइलचा बोटांचा ठसा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो बदलतो.

कामाला जाणाऱ्यांसाठी

ही बाजू लेखांत सहसा येत नाही. ताई, मावशी, तुम्हीही नोंद ठेवा. पगार यूपीआयने घ्या म्हणजे तारीख राहते; उचल घेतली तर तीही मेसेजवर लिहून घ्या. पगार थकलेला असताना आरोप झाला तर ही नोंद कामी येते. किल्ली परत देताना, काम सोडताना एक मेसेज टाका: "आज किल्ली दिली, काम सोडलं." घरात पैसे किंवा दागिना उघडा दिसला तर हात न लावता लगेच सांगा. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, त्यात नोंदणी करून घ्या. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या कबुलीवर सही करू नका. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी, अपवाद सोडला तर, अटक करता येत नाही हेही लक्षात ठेवा.

थोडक्यात

आधारचा क्यूआर स्कॅन, दोन जुन्या घरी फोन, १ तारखेचा फोटो, वेळ जुळवलेला कॅमेरा आणि यूपीआयचा पगार. पाचही गोष्टी माणूस कामाला लागण्याआधी किंवा लागतानाच सुरू करायच्या आहेत. वस्तू हरवल्यावर सुरू केलेली नोंद कोणालाच वाचवत नाही, ना तुमच्या हाराला, ना मावशींच्या नावाला.