आष्टीचे पाय

पहिलवान म्हटला की आपली नजर आधी दंडावर जाते, मग छातीवर. वस्ताद मात्र नव्या पोराच्या मांड्या आणि पोटऱ्या पाहतो. समोरच्याचा पट काढायचा तर पायांत ताकद हवी, आपला पट सोडवायचा तरी हवीच. म्हणून तर ‘जोर-बैठका’ हा जोडशब्द झाला. जोर छाती-खांद्यांसाठी, बैठका कमरेखालच्या अंगासाठी. बैठकीला साहित्य काही लागत नाही. टाचा उचलून चवड्यांवर भार घ्यायचा, खाली बसायचं आणि हातांच्या झोक्यानं वर यायचं. इतका स्वस्त व्यायाम दुसरा नसेल. महाग असतो तो त्यामागचा खुराक.

हे सगळं मला आठवतं ते बीड जिल्ह्यातल्या आष्टीमुळं. (१८१८ साली बापू गोखले धारातीर्थी पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली. दोन्हींची गल्लत नेहमी होते.) ही आष्टी नगरच्या बाजूची, पावसाच्या लहरीवर जगणारी. शाहू महाराजांनी १९१२ साली कोल्हापुरात खासबागेचं मैदान उभं केलं, तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि १९४८ पर्यंत तिथंच राहिला. कुस्तीची हौस इकडंही होती. जत्रेतले फड होते, मारुतीच्या देवळापाशी तालमी होत्या. पण पोराला दूध-बदाम पुरवील असा राजा नव्हता.

माझ्या मते इथल्या पायांची मोठी तालीम झाली ती उसाच्या फडात. दसरा-दिवाळी उलटली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात. उसाला बुडख्याशी कोयता घालायचा तर दिवसभर वाकायचं, उठायचं. मग मोळ्या बांधायच्या. गाडी रात्री-अपरात्री आली तरी भरायची. डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं, रिकामं उतरायचं, पुन्हा चढायचं. बायाही तेच करतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, एकटं माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’, असा हिशेब. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा या ओझ्याकडं शहरांचं लक्ष गेलं.

कष्टानं माणूस कणखर होतो असं आपण सहज म्हणतो. तालीम मात्र असं कधीच मानत नाही. तिथं मेहनतीनंतर मालिश आहे, आहार आहे, झोप आहे. ताण पडल्यावर विश्रांती आणि अन्न मिळालं तरच स्नायू भरतो, नाहीतर झिजतो, असं आजचं व्यायामशास्त्रही सांगतं. ओझं तेच, पण एकाच्या मांड्या भरतात आणि दुसऱ्याचे गुडघे जातात.

खुराक मिळाला की काय होतं, याची दोन उदाहरणं या भागातच आहेत. शेजारच्या पाटोद्याचा राहुल आवारे. घरात वडिलांची कुस्ती, पुढं पुण्यात हरिश्चंद्र बिराजदारांची तालीम. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं सुवर्णपदक घेतलं, २०१९ ला जागतिक स्पर्धेत कांस्य. दुसरा आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शाळा सहा किलोमीटरवर, आई-वडील कष्टकरी. बारावीनंतर तो लष्करात महार रेजिमेंटमध्ये गेला आणि तिथं धावू लागला. त्याची शर्यत स्टीपलचेस. तीन हजार मीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ पाणउड्या, प्रत्येक अडथळा तीन फुटांचा. २०२२ मध्ये राष्ट्रकुल रौप्य, २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत साबळे पडला. गुडघ्याला मोठी दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. धावपटूच्या गुडघ्यासाठी आता डॉक्टर असतात, सक्तीची विश्रांती असते. मोळी वाहून गुडघा गेलेल्या त्याच्याच तालुक्यातल्या माणसाला मुकादमाची उचल फेडायला पुढच्या हंगामात फडावर जावंच लागतं.