एचआयव्हीबाधितांमधील विषाणुजन्य कर्करोगांची चिकित्सा

एचआयव्हीच्या संसर्गाने शरीराची प्रतिरक्षा खालावली असता अन्य विषाणूंच्या चिरकालीन संसर्गातून उद्‌भवणाऱ्या कर्करोगांवरील उपचार. एचआयव्ही स्वतः सहसा कोशिकांना कर्करोगी बनवीत नाही. तो केवळ पहारा उठवितो. मग मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे गर्भाशयग्रीवेचा व गुदद्वाराचा कर्करोग, एपस्टाइन-बार विषाणूमुळे काही लसीकार्बुदे आणि मानवी हर्पिस विषाणू-८ मुळे कापोसी मांसार्बुद होण्याचा संभव वाढतो [⟶ कर्करोग]. पॅपिलोमा विषाणूचा गर्भाशयग्रीवेच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखविणारे हाराल्ट त्सूर हाउझेन आणि एचआयव्हीचा शोध लावणारे फ्रांस्वाझ बारे-सिनूसी व ल्यूक माँतान्ये यांना २००८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रुग्णालयांत मात्र या दोन रोगांचे विभाग दीर्घकाळ वेगळेच राहिले.

१९८१ मध्ये अमेरिकेत तरुण पुरुषांना कापोसी मांसार्बुद झाल्याचे आढळले व त्यातून एड्सची ओळख पटली. त्यामुळे पाश्चात्त्य ग्रंथांत या अर्बुदाला अग्रस्थान मिळाले. भारतात १९८६ मध्ये एचआयव्हीचा संसर्ग प्रथम आढळला. परंतु येथील चित्र निराळे होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २००१–०५ या काळात नोंदलेल्या २५१ एचआयव्हीबाधित कर्करुग्णांच्या अभ्यासात कापोसी मांसार्बुदाचा एकही रुग्ण नव्हता. लसीकार्बुदे आणि स्त्रियांतील गर्भाशयग्रीवेचा कर्करोग यांचे प्रमाण मात्र वाढलेले होते. या शेवटच्या रोगाचा एड्सच्या अमेरिकी व्याख्येत समावेश १९९३ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी झाला. स्त्रियांच्या रोगाकडे उशिरा लक्ष गेल्याचेच हे उदाहरण होय.

आरंभी अशा रुग्णांना रासायनी चिकित्सेची पूर्ण मात्रा सोसणार नाही, या समजुतीने ती कमी दिली जाई. १९९६ च्या सुमारास संयुक्त प्रतिविषाणू औषधोपचार रूढ झाल्यावर ही समजूत हळूहळू मागे पडली. भारतात शासनाने ही औषधे १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. रुग्ण जगू लागले आणि एरवी दिसण्यापूर्वीच मृत्यूने झाकला गेलेला कर्करोग पुढे आला. आता एचआयव्ही नसलेल्या रुग्णाइतकेच पूर्ण उपचार द्यावेत, असे तत्त्व सामान्यतः मान्य आहे. तथापि औषधांचा मेळ काळजीपूर्वक घालावा लागतो. झिडोव्हुडीन हे रासायनी चिकित्सेप्रमाणेच अस्थिमज्जा दाबते. टेनोफोव्हिर व सिसप्लॅटिन दोन्ही मूत्रपिंडांस अपायकारक ठरू शकतात. रिटोनाव्हिरमुळे व्हिन्क्रिस्टिनची विषाक्तता वाढते. डोल्यूटेग्राव्हिरचा वापर सुरू झाल्यापासून ही अडचण पुष्कळ कमी झाली.

गर्भाशयग्रीवेचा कर्करोग पूर्वावस्थेत ओळखता येतो, आणि या विषयातील दोन मोठे प्रयोग महाराष्ट्रातच झाले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात, ग्रीवेला सौम्य ॲसिटिक अम्ल लावून ती प्रशिक्षित कार्यकर्तीने नुसत्या डोळ्यांनी तपासल्यास मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात, असे आढळले. १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग केंद्राच्या साहाय्याने १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पॅपिलोमा विषाणूची चाचणी झालेल्या गटात या रोगाने ३४, तर तुलनागटात ६४ मृत्यू झाले. तुलनागटाला चाचणीपासून वंचित ठेवल्याबद्दल पुढे आक्षेप घेतले गेले व ते अगदीच निराधार म्हणता येत नाहीत. शिवाय हे प्रयोग सर्वसामान्य स्त्रियांसाठी होते. एचआयव्हीबाधित स्त्रीला हा कर्करोग होण्याचा संभव सुमारे सहापट असतो व पूर्वविकृती उपचारानंतरही पुन्हा उद्‌भवण्याची शक्यता अधिक असते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिची तपासणी २५ व्या वर्षापासून दर तीन ते पाच वर्षांनी करावी, असे सुचविले.

उस्मानाबादचा अभ्यास सुरू झाला त्याच वर्षी, १ मे १९९९ रोजी, भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये निघाले. कर्करोगाच्या किरणोपचारासाठी मात्र रुग्णांची वाट दीर्घकाळ नागपूरकडे, रेल्वेने सुमारे १३० किमी. दूर, जात राहिली. बाह्य किरणोपचार साधारणतः पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतो. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या वनव्याप्त भागातील भातशेतीवर राबणाऱ्या स्त्रीला रोवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत इतका काळ घराबाहेर काढणे कठीण. त्यातच दोन रोगांची वाच्यता होण्याची धास्ती. एचआयव्हीबाधितांना उपचार नाकारण्यास प्रतिबंध करणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला; प्रवासखर्च व बुडालेली मजुरी हे प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली पॅपिलोमाप्रतिबंधक लस जानेवारी २०२३ मध्ये उपलब्ध झाली. ती आधी जडलेला संसर्ग दूर करीत नाही. त्यामुळे प्रौढ बाधित स्त्रियांसाठी तपासणी आवश्यकच राहते. मर्यादित पूर्वविकृती उष्णतेने नष्ट करणारे, विद्युत्‌घटावर चालणारे हातात मावेल एवढे उपकरण आता मिळते. तपासणीच्याच दिवशी, भूल न देता, काही मिनिटांत हा उपचार तालुक्याच्या रुग्णालयात करता येतो. विकृती ग्रीवेच्या नलिकेत शिरलेली असल्यास अथवा कर्करोगाचा संशय असल्यास मात्र रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते.