पुण्याचे लष्कर आणि आपली माणसे



आमच्या नात्यातील एक तरुण जोडपे नोकरीनिमित्त जपानात, तोक्योच्या ओजिमा भागात राहते. तेथे मराठी शेजार चांगला आहे. यंदा भारतात जाताना पुण्याच्या कॅम्पात काय पाहावे, असे त्यांनी विचारले. उत्तर लिहिताना वाटले, हे सर्वांच्याच नातवंडांच्या उपयोगी पडेल.

जुने पुणेकर कॅम्पाला 'लष्कर' म्हणतात आणि पेठांच्या भागाला 'गाव'. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेची पीछेहाट झाली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. मग गावाच्या पूर्वेला छावणी वसली. फौजेमागून बाजार येतोच. पारशी, बोहरी, इराणी, गोवेकर, बगदादी यहुदी असे नाना लोक आले. गावात वाडे होते, लष्करात बंगले झाले.

आपली माणसे मात्र बाजारामागून नव्हे, पलटणींबरोबर आली. कुलाब्यातील 'शनवार तेली' अठराव्या शतकातच घाणा सोडून कंपनी सरकारच्या मुंबई पलटणीत शिरले. सुभेदार सामुएल एझेकिएल दिवेकर हे त्यांतलेच. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत आपली पहिली मशीद बांधली. पुढे फौजेत जातवार कंपन्यांची पद्धत आली. एक कंपनी भरेल इतकी आपली संख्या नव्हती, त्यामुळे भरती आटत गेली. सुभेदारांचे नातू रेल्वेत, टपाल खात्यात, इस्पितळांत आणि कचेऱ्यांत गेले. बिल्ले पेटीत राहिले.

आता पाहण्याच्या जागा. सेंट मेरीज चर्च १८२५ सालचे आहे. शिवाजी मार्केटची दगडी इमारत बाहेरून पाहावी आणि आतला बाजारही. ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासूनची कयानी बेकरी आहे. श्रूजबेरी बिस्किटे घ्यायची तर सकाळी लवकर जावे. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ एम्प्रेस गार्डन आहे. मोठ्या झाडांच्या सावलीत म्हाताऱ्या पायांनाही तेथे विसावा मिळतो. नागरिकांच्या वर्गणीतून उभारलेले युद्धस्मारक १९९८ सालचे. खडकीच्या युद्ध कबरस्तानात दुसऱ्या महायुद्धातील दीड हजारांहून अधिक सैनिक विसावले आहेत. तेथे घाई करू नये.

लाल देऊळ तर रिक्षावालाही बरोबर दाखवतो. डेव्हिड ससून यांनी ही 'ओहेल डेव्हिड' मशीद बांधायला घेतली. १८६४ साली ते पुण्यातच वारले, आणि १८६७ साली बांधकाम पुरे झाले. लाल विटांचा उंच घड्याळमनोरा आणि आवारात ससून यांची कबर आहे. ससून हॉस्पिटलही त्यांच्याच देणगीचे. आत जाण्यासाठी आधी परवानगी घ्यावी, ओळखीचे कागद जवळ ठेवावेत.

पण लाल देऊळ पाहून परत फिरू नका. रास्ता पेठेत 'सुक्कथ शेलोमो' आहे. ती १९२१ साली बेने इस्राएलांनी उभारली. मनोरा नाही, घड्याळ नाही. पण आपली ती हीच. एकाच शहरात दोन मशिदी कशाला, असे मुले विचारतील. त्यांना खरे सांगावे. ससूनांसारखे व्यापारी बगदादी होते, आणि आपल्याला मिन्यानमध्ये धरावे की नाही, याबद्दल बगदादी मंडळींमध्ये ठिकठिकाणी शंका घेतली जाई. तीच शंका लग्नांच्या बाबतीत या देशातही निघाली आणि १९६४ पर्यंत आपल्याला झगडावे लागले, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. आज बगदादी कुटुंबे बहुतेक परदेशी गेली आहेत. पुण्यात उरलेला यहुदी समाज प्रामुख्याने बेने इस्राएलच आहे. ज्यांना मोजावे की नाही असा प्रश्न होता, त्यांच्याच मोजणीवर आता मिन्यान भरतो.

वेळ असल्यास खडकवासल्यापर्यंत जावे. तेथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुखपद आपल्या समाजातील बेंजामिन अब्राहम सॅमसन यांनी भूषविले. पुढे ते व्हाइस अ‍ॅडमिरल झाले. जातवार कंपन्यांनी जे दार बंद केले होते, ते स्वतंत्र भारतात असे उघडले.

एक विनंती. घरोघरी पेटीत जुने फोटो असतील: फेटा बांधलेले, छातीवर बिल्ला असलेले आजोबा-पणजोबा. त्यांचे नाव, गाव आणि पलटण फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. आपण अजून त्यांना ओळखतो. आपल्यामागे ते चेहरे ओळखणारे कोणी नसेल.