मार्सेय (मार्सेलिस)

फ्रान्सचे भूमध्य समुद्रावरील प्रमुख बंदर व ऐतिहासिक व्यापारी शहर. ते रोन नदीच्या मुखाच्या पूर्वेस वसले आहे. नदीचा गाळ सागरी प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे वाहून जात असल्याने हे बंदर गाळाने भरले नाही. शिवाय रोनच्या खोऱ्यातून उत्तरेकडे जाणारा व्यापारी मार्गही त्यास जवळ राहिला. या दुहेरी लाभावर त्याचे महत्त्व आधारलेले आहे.

आशिया मायनरमधील फोसीआ येथील ग्रीकांनी इ. स. पू. सु. ६०० मध्ये येथे ‘मस्सालिया’ ही वसाहत स्थापिली. मद्य व मातीची भांडी अंतर्भागात पाठवून तिकडून कथिलासारखा माल आणण्याचा व्यापार तेथे भरभराटीस आला. सीझर-पाँपी संघर्षात शहराने पाँपीची बाजू घेतली, परिणामी इ. स. पू. ४९ मध्ये सीझरने ते जिंकले व त्याचा बहुतेक प्रदेश काढून घेतला. धर्मयुद्धांच्या काळात यात्रेकरू व सैनिक यांच्या वाहतुकीमुळे त्यास पुन्हा ऊर्जितावस्था आली.

१५९९ मध्ये येथे फ्रान्समधील पहिले व्यापारी मंडळ स्थापन झाले. १६६९ मध्ये कोल्बेरच्या धोरणानुसार मार्सेयला करमुक्त बंदराचा दर्जा मिळाला आणि पूर्व भूमध्य प्रदेशाशी चालणाऱ्या फ्रेंच व्यापाराची जवळजवळ मक्तेदारी त्याच्याकडे आली. या व्यापाराची जबर किंमतही शहरास मोजावी लागली. मे १७२० मध्ये सिरियाच्या किनाऱ्याकडून कापड व कापूस घेऊन आलेल्या एका जहाजावर वाटेतच काही माणसे दगावली होती; तरीही मालाच्या विक्रीची निकड असल्याने विलग्नवासाचे नियम शिथिल करण्यात आले. त्यातून पसरलेल्या प्लेगने शहराची सुमारे निम्मी लोकसंख्या बळी घेतली. ज्या दाराने संपत्ती येत होती, त्याच दाराने साथही आत आली. तरीही काही वर्षांतच व्यापार पूर्ववत झाला.

१८३० मध्ये फ्रान्सने अल्जीरिया जिंकण्यास आरंभ केल्यावर वाहतूक वाढली व जुने बंदर अपुरे पडू लागले. म्हणून १८४४ पासून झोलिएत येथे नवी गोदी बांधण्यात आली. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर मार्सेय पूर्वेकडील जलमार्गावरील महत्त्वाचे ठाणे बनले. मुंबईहून येणारे अनेक प्रवासी येथे उतरून आगगाडीने पुढे जात. तेलबियांच्या आयातीवर येथील साबण-उद्योग वाढला. ८ जुलै १९१० रोजी वि. दा. सावरकर यांनी ‘मोरिया’ बोटीतून याच बंदरात उडी घेतली. त्यांच्या अटकेचा वाद हेगच्या लवाद न्यायालयात गेला व १९११ मध्ये निर्णय ब्रिटनच्या बाजूने लागला.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, जर्मनांनी जुन्या बंदरालगतची वस्ती उद्ध्वस्त केली. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि १९६७–७५ या काळात सुएझ कालवा बंद राहिला. त्यामुळे जुन्या व्यापाराचा आधार खचला. शहराच्या पश्चिमेस फॉस येथे खनिज तेल व अवजड मालासाठी उभारलेल्या नव्या बंदराने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. अशा रीतीने या बंदराचा उत्कर्ष व अपकर्ष नेहमीच दूरच्या किनाऱ्यांवरील घडामोडींशी निगडित राहिला आहे.