ज्योतीवर सांधलेली काच : लाउशाचे मोंटाज तंत्र

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील लाउशा हे डोंगराळ गाव आणि त्याचा परिसर येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काचकामाची एक स्वतंत्र पद्धत आकाराला आली. तिला ‘मोंटाज’ म्हणजे जोडणीचे तंत्र म्हणतात. निरनिराळ्या रंगांच्या काचेचे लहान भाग ज्योतीवर एकमेकांना सांधून त्यांतून एकच पोकळ पात्र फुंकणे, हे या तंत्राचे सार होय. अशा पात्रावरील पट्टे आणि जाळ्या वरून रंगवलेल्या नसतात. पात्राची भिंतच त्या त्या रंगाच्या काचेची असते.

लाउशाचा जन्मच काचभट्टीतून झाला. १५९७ मध्ये हान्स ग्रायनर आणि क्रिस्टोफ म्युलर यांनी येथे भट्टी उभारली आणि तिच्याभोवती गाव वसले. भट्टीत काच वितळवून तिच्या नळ्या व कांड्या ओढायच्या आणि त्या घरोघर नेऊन दिव्याच्या ज्योतीवर पुन्हा मऊ करायच्या, अशी कामाची विभागणी अठराव्या शतकापासून रूढ होत गेली. पायाने भाता चालवून तेलाच्या दिव्याची ज्योत टोकदार केली जाई आणि त्या ज्योतीवर मणी व खेळणी बनत. १८३५ मध्ये लुडविग म्युलर-उरी यांनी येथे मानवी कृत्रिम डोळे घडवण्यास आरंभ केला. नाताळच्या झाडावरील काचगोळ्यांनी पुढे गावाचे नाव जगभर पोहोचवले. १८६७ मध्ये गावात वायू आला, तेव्हा ज्योत अधिक तप्त आणि हवी तशी वळवता येण्याजोगी झाली. मोंटाजचे कलावंत याच घरगुती धंद्याचे वारस आहेत.

मोंटाजचे काम टप्प्याटप्प्याने चालते. कारागीर प्रथम रंगीत नळीचा तुकडा तापवून फुगवतो. त्यावर हवे असल्यास बारीक रंगीत धागे वितळवून बसवतो आणि त्याचे तोंड उघडून कडा सरळ करतो. दुसऱ्या रंगाचा तेवढ्याच व्यासाचा भाग वेगळा तयार करतो. दोन्हीच्या कडा एकाच वेळी लाल होईपर्यंत तापवून त्या एकमेकींना भिडवतो आणि नळीतून हलकी फुंकर देऊन सांधा सारखा करतो. मग तिसरा भाग, चौथा भाग, याप्रमाणे जोडणी वाढत जाते. शेवटी संपूर्ण रचना मऊ करून तिला अंतिम आकारात फुंकले जाते. हे सर्व होत असताना दोन्ही हातांनी काच एकाच गतीने फिरवत राहावी लागते. गती चुकली की काच एका बाजूला ओघळते. व्हेनिसच्या कारागिरांकडे भट्टीवर दोन गरम फुगे जोडण्याची ‘इनकाल्मो’ ही जुनी पद्धत आहे. कल्पना जवळची असली, तरी ज्योतीवरील काम आकाराने लहान, भिंतीने पातळ आणि तपशिलाने कितीतरी बारीक असते.

या कलेची खरी कसोटी काच थंड होताना लागते. रंगासाठी मिसळलेल्या धातूंच्या ऑक्साइडांमुळे प्रत्येक काचेचे मऊ होण्याचे तापमान आणि आकुंचनाचे प्रमाण थोडे बदलते. दोन शेजारी काचा सारख्या आकुंचल्या नाहीत, तर सांध्यात ताण साठतो आणि पात्र तडकते. कधी लगेच, कधी काही दिवसांनी. त्यामुळे अनेक सांध्यांच्या पात्रात एकच विसंगत रंग सारे श्रम वाया घालवू शकतो. वारंवार तापवल्यावरही निस्तेज न होणारी काच ही दुसरी गरज. थुरिंगियाच्या काचेत हा गुण होता. मार्टिन्सरोडा येथील वाळूत ॲल्युमिना असल्यामुळे तो येतो, हे येना येथील रसायनशास्त्रज्ञ ओटो शॉट यांनी दाखवून दिले. कारागिरांना मात्र ती वाळू चांगली, एवढे अनुभवाने आधीच ठाऊक होते.

या तंत्राला कलेचा दर्जा मिळवून देणाऱ्यांत आल्बिन शेडेल (१९०५–१९९९) यांचे नाव अग्रभागी आहे. आर्नश्टाट येथे काम करणाऱ्या शेडेल यांनी धागे आणि रंगीत वलये यांनी सजलेली अत्यंत पातळ भिंतींची पात्रे घडवली. त्यांच्याकडे सांधा हा लपवण्याचा दोष न राहता रचनेची रेषा बनला. ओटो शिंडहेल्म, वाल्टर बेत्स-ड्योल्ले, आल्ब्रेख्ट ग्रायनर-माय, ग्युंटर क्निये, हार्टमूट बेखमान आदी लाउशाच्या कलावंतांनी हा मार्ग आपापल्या परीने पुढे नेला. तेव्हा हा भाग पूर्व जर्मनीत होता. सीमेपलीकडे पश्चिम जर्मनीतील ग्रीसहाइम येथे कुर्ट वाल्श्टाब यांनी प्रयोगशाळेच्या उपकरणांसाठी वापरल्या जाणाऱ्या बोरोसिलिकेट काचेतून अशीच पात्रे घडवली. ही काच उष्णतेने नेहमीच्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते. त्यामुळे ती अधिक सोशिक असली, तरी तिला ज्योत अधिक तप्त लागते.

लाउशाचे काचकला संग्रहालय १८९७ पासून या परंपरेचा ठेवा सांभाळत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने हातांनी काच घडवण्याचे ज्ञान आणि कौशल्य मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. ही नोंद जर्मनीसह सहा युरोपीय देशांची आहे. तरीही नोंदीने कला जगत नाही. मोंटाजसाठी एकमेकांशी जुळणाऱ्या रंगीत नळ्या व कांड्या ओढणारी भट्टी लागते. १८५३ मध्ये एलियास ग्रायनर यांच्या घराण्याने सुरू केलेली लाउशाची रंगीत काचेची भट्टी याच साखळीतील दुवा आहे. शिवाय वर्षानुवर्षे ज्योतीपुढे बसण्याची तयारी असलेला शिकाऊ हातही लागतो. भट्टी, ज्योत आणि हात यांपैकी एक जरी नाहीसा झाला, तरी उरलेल्या दोघांच्या बळावर असे पात्र पुन्हा घडणार नाही.